फाटकाकडून जळत गेलेलं कुंपण

१

कुंपण जळालंय हे सगळ्यात आधी धाकटीच्या लक्षात आलं. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला ती बाहेर आली आणि फाटकाजवळ थबकली. गेले काही दिवस तिथली पानं तिला मलूल वाटत होती, पण ऊन लागलं असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. आज मात्र फाटकालगतची झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तपकिरी पडली होती. तिने हात लावला तर पानांचा हातातच चुरा झाला.

तिचं आणि शेजारच्या मास्तरांचं अंगण या कुंपणाने वेगळं केलं होतं. कंबरेएवढं, काठ्यांचा आधार नसलेलं, नुसत्या कामिनीच्या झाडांचं. घर नवीन होतं तेव्हा ते काय लावायचं यावरून नवरा-बायको रोपवाटिकेतच भांडले होते. तिला फुलं हवी होती. त्याला बारा महिने हिरवं राहणारं, बारीक पानांचं, कापलं तरी न रुसणारं काहीतरी हवं होतं. कामिनीने दोघांचं ऐकलं. त्या दिवसापासून कुंपणाची सगळी उस्तवार नवऱ्याकडे होती. तो औषधांच्या दुकानाचा मालक. गिऱ्हाइकं त्याला भाऊ म्हणायची, त्यामुळे बायको सोडून सगळं जगच त्याला भाऊ म्हणत असे.

धाकटीने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, कुणीतरी विष घातलं गं!"

"कुणाला?"

"कुंपणाला."

पलीकडून आवाज आला, "आधी तेवढं सांगायचं ना. माझ्या हातातली कपबशी पडली असती."

"कुणी घातलं तेही मला माहीत आहे. मास्तरने. परवाच ओरडत होता रस्त्यावरून, हे कुंपण एक दिवस मीच उपटून टाकीन म्हणून. मी आज पोलिसांत जाणार."

"संध्याकाळपर्यंत थांब. मी निघते."

ही थोरली बहीण पीक विम्याच्या कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. गारपिटीने शेत झोपलं असा दावा आला की ती बांधावर उभी राहून सांगायची, इथे गारा पडल्याच नाहीत, पाणी द्यायला विसरलेत. आता निवृत्त झाली होती. धाकटीची मुलगी तिला मावशी म्हणायची, आपणही तेच म्हणू.

मावशी रिक्षातून उतरली तेव्हा भाऊ दुकानाला निघाले होते. "या ताई, बसा, मी येतोच," म्हणाले आणि चालू लागले. मावशीने पिशवी फाटकाला अडकवली आणि तिथेच बसकण मारली. पर्समधून भिंग काढलं. जरा पलीकडच्या झाडाचं एक पान तोडलं. कडा करपलेल्या, मधली शीर अजून हिरवी. मातीवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरट पापुद्रा लागला. मग तिची नजर झाडांपासून वीतभर लांबच्या गवतावर गेली आणि तिथेच राहिली.

"काय मिळालं?" धाकटीने विचारलं.

"गवत."

"गवत काय, सगळीकडेच आहे."

"इथे जरा जास्तच आहे," मावशी म्हणाली.

२

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा मोठा तक्ता, आणि टेबलावर एक खेळण्यातली गाडी, ती वळवून वळवून ते शिकवायचे.

"हो, म्हणालो मी," त्यांनी आढेवेढे न घेता कबूल केलं. "माझी गाडी मागे घेताना तुमच्या बहिणीच्या कुंपणापायी फूटपाथ दिसत नाही. शिकाऊ पोरगी स्टिअरिंगवर होती, एक सायकलवाला वाचला तो नशिबाने. माझं डोकं फिरलं. पण ताई, ओरडणाऱ्याने विष घातलं असं असतं तर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना मी केव्हाच विष घातलं असतं."

"मग फाटकाजवळचीच झाडं कशी गेली? तुम्हाला नको होती तीच?"

मास्तर उठले आणि तिला बाहेर घेऊन गेले. त्यांच्या फाटकाच्या खांबावर एक गोल फुगीर आरसा बसवला होता. त्यात सगळा फूटपाथ दिसत होता. बसवून बरेच दिवस झाले असावेत, कारण वरच्या कडेला कोळ्याने ऐसपैस संसार थाटला होता.

"भांडण झालं त्याच आठवड्यात लावला. मग मला कुंपणाचं काय करायचंय?"

"भाऊंशी बोललात?"

"त्यांचं माझं काही वाकडं नाही हो. सकाळी मला बघून हात करतात. थोड्या वेळाने परत दिसलो की परत हात करतात, जशी काही आताच भेट झाली. भला माणूस. वाकडं आहे ते तुमच्या बहिणीचं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू? मी कुणाचं नाव घेत नाही. पण तुमच्या माळ्याला मी त्या फाटकाशी पोतं उतरवताना पाहिलंय. तेही त्याला कामावरून काढून टाकल्यानंतर."

३

माळी दोन गल्ल्या सोडून एका शाळेच्या मैदानावर सापडला. पाइपला भोक पडलं होतं आणि तो त्यावर रबराची पट्टी गुंडाळत होता. मावशीने कोण, कुठली सांगताच त्याने पट्टी खाली टाकली.

"मला बोलायचंच नाही त्या घराबद्दल."

"तुम्हाला का काढलं ते तरी सांगा."

"तेच तर मला कुणी सांगेना!" बोलायचं नसलेला माणूस भडाभडा बोलायला लागला. "मी कुंपण कापलं. खालून रुंद, वर निमुळतं, भाऊंना पाहिजे तसंच, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. वहिनींनी चहा दिला. आणि पुढच्या आठवड्यात भाऊ म्हणतात, तुम्ही छाटणीला आलाच नाहीत. मी म्हटलं, अहो समोर बघा. तर म्हणतात, हे मी कापलं. मी काय खोटं बोलतो? मग वहिनींनी मला हळूच बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता नका येऊ. तेव्हापासून या रस्त्यावरच्या बाकीच्या घरांनीही काम बंद केलं. काय कुजबुज झाली देव जाणे."

"आणि पोतं?"

"खताचं. भाऊंनीच बोलावून आणायला सांगितलं. मी मनात म्हटलं, काढलंय तर काढलंय, आपण का अडून बसायचं? त्यांनी हाक मारली की जातो. जुना माणूस आहे." तो जरा घुटमळला. "पण बाई, मला तेव्हाच नवल वाटलं होतं. एवढ्याशा कुंपणाला एक पोतं सहज वर्ष काढतं. मी त्यांना आणून दिलं, ते संपलं म्हणाले, मी दुसरं दिलं. आणि खताला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

४

भाऊ दुपारी दुकानातून घरी आले होते आणि मागच्या खोलीत कात्रीला तेल लावत बसले होते. खोली त्यांच्या दुकानासारखीच होती. खिळे एका बरणीत, सुतळी एकात, प्रत्येकीवर चिठ्ठी.

"अरे वा, ताई! कधी आलात?"

मावशीला वाटलं, बोलायची पद्धत. ती स्टुलावर बसली.

"कुंपणाचं वाईट झालं, भाऊ."

त्यांचा चेहरा खरोखर पडला. "पोटच्या पोरासारखं वाढवलं हो. मास्तर असं करेल असं मला वाटलं नव्हतं. ही म्हणते त्यानेच केलं."

"तुम्ही खत कसं घालता?"

आता ते खुलले. खुंटीला टांगलेलं एक छोटं माप त्यांनी काढून दाखवलं. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते. "एका झाडाला हे एक. बुंध्याला चिकटवून नाही, जरा लांब, गोल. वरून पाणी. मूठमूठ टाकणाऱ्यांचा मला राग येतो. औषध काय, खत काय, कमी पडलं तर पुन्हा देता येतं, जास्त झालेलं परत घेता येत नाही."

"या वेळी कधी घातलंत?"

"छाटणी झाल्यावर. एकदाच. आता थेट पुढच्या छाटणीला."

मावशीने माप हातात घेतलं. तळाशी काही दाणे होते. मोकळे, कोरडे. उघडं राहिलेलं खत हवेतला ओलावा ओढतं आणि चिकट होतं, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. हे दाणे आजचे होते. कोपऱ्यातलं पोतं जवळजवळ रिकामं होतं. दाराशी भाऊंच्या चपला होत्या आणि त्यांना ओली माती लागली होती.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघून हसले, अगदी स्वच्छ.

भाऊ खोटं बोलत होते. ज्या माणसाने कधी जुनी गोळी नव्या पाकिटात घालून विकली नाही तो, इतक्या सरळ चेहऱ्याने.

५

मावशी पुन्हा फाटकाशी गेली आणि कुंपणाच्या कडेने सावकाश चालू लागली. कुठलंही शेत ती असंच चालून बघायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

फाटकाजवळची झाडं पार गेलेली. त्यांच्या पुढची अर्धी जळालेली. त्यापुढे नुसत्या पानांच्या कडा करपलेल्या. अंगणाच्या मध्यावर लाकडी बाक होता; बाकाच्या पलीकडे कुंपण हिरवंगार, जसं काही झालंच नाही.

मास्तरांना फाटकाजवळचा भाग नको असता तर त्यांनी तेवढाच मारला असता आणि तो सारखाच मेला असता. माळ्याला सूड घ्यायचा असता तर त्याने सगळंच घालवलं असतं. आणि दोघांपैकी कुणीही तणनाशक ओतलं असतं तर आधी गवत जळालं असतं. इथे तर झाडांपासून जरा लांबचं गवत माजलं होतं. खाऊन-पिऊन गुबगुबीत झालं होतं. विष कुणी घातलंच नव्हतं. कुंपणाला खताचं जेवण घातलं होतं, पानावरून उठू न देता.

आणि घालणारा दर वेळी फाटकापासून सुरुवात करत होता. कधी चार झाडं पुढे जात होता, कधी बाकापर्यंत पोचत होता, तिथे दमून बसत होता. जिथे राहिलं तिथून पुढे त्याने एकदाही सुरुवात केली नव्हती. काम अर्धं राहिलंय हे ज्याला ठाऊक असतं तो उरलेलं पुरं करतो. हा दर वेळी नव्याने सुरू करत होता.

मावशी बाकावर बसली. सकाळी दोनदा केलेला हात. स्वतः केली म्हणून सांगितलेली माळ्याची छाटणी. "अरे वा, कधी आलात?" सकाळी त्यांनीच तर तिला फाटकात 'या, बसा' म्हटलं होतं.

भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांना जे आठवत होतं तेच ते सांगत होते.

एवढं लक्षात आल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ती ताडकन उठली आणि चपला धड न घालताच रस्त्याला लागली. हा माणूस अजूनही रोज सकाळी दुकानात बसून लोकांना गोळ्या मोजून देत होता.

६

दुकानात भाची, म्हणजे धाकटीची मुलगी, एकटी होती. मावशीला दारात बघून तिने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"कुंपणावरून कळलं ना तुला?" ती म्हणाली.

मावशी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"बरेच महिने. आधी किल्ल्या विसरायचे, मी हसायचे. मग एकदा एका आजोबांना त्याच गोळ्या दोन पाकिटांत दिल्या, वेगवेगळ्या वेळा लिहून. मी चौकापर्यंत धावत गेले त्यांच्या मागे. रस्त्यात त्यांचा हात धरून पाकीट काढून घेतलं, लोक बघत होते." तिने काउंटरवरची धूळ नसलेली जागा पुसली. "तेव्हापासून त्यांच्या हातचं एकही पाकीट मी न बघता बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांना वाटतं, मी शिकतेय."

"आईला का नाही बोललीस?"

"ती खचेल, मावशी. तिला काहीच कल्पना नाही."

मावशी घरी आली तेव्हा धाकटी पोलिसांत जायला तयार होऊन बसली होती. मावशीने तिच्या हातातली पर्स काढून टेबलावर ठेवली आणि गवतापासून पोत्यापर्यंत सगळं सांगितलं. शेवटी धाकटी म्हणाली, "लेकीला सांगू नकोस. दुकान टाकून घरी बसेल ती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"खताचं नव्हतं गं ठाऊक. बाकीचं..." तिने पदराने डोळे टिपले. "माळ्याने छाटणी केली होती. मीच चहा दिला होता त्याला. यांचं खोटं पडू नये म्हणून मी त्याला काढलं. शेजारणीने विचारलं तर म्हटलं, कामाला धड नाही. कुंपण जळालं तेव्हा मला इतकं वाटलं, मास्तरच असू दे. मास्तर असता तर किती बरं झालं असतं, ताई."

मागच्या खोलीतून कात्रीची कचकच ऐकू येत होती. धार लागली की नाही ते भाऊ कागदावर बघत होते.

"आता यांना कोण सांगणार?" धाकटीने विचारलं.

"काय सांगणार?" दारातून भाऊ म्हणाले.

७

मावशीने ते आडवळणाने सांगितलं नाही. नुकसान झालेल्या माणसाला ती जसं सांगायची तसंच सांगितलं, एकेक गोष्ट पुढे ठेवून. करपलेल्या कडा, मातीवरचा पापुद्रा, माजलेलं गवत, फाटकापासून बाकापर्यंत कमी कमी जळालेली झाडं, मापातले कोरडे दाणे. भाऊंनी डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसं मन लावून ऐकलं. मध्ये एकदा अडवलं, "उघडं खत लगेच पाघळतं, ते बरोबर आहे." मग बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

"माप चुकलं होतं का?"

"नाही," मावशी म्हणाली. "माप एकदाही चुकलेलं नाही."

"हं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "आणि दुकानात?"

धाकटीला ते माहीतच नव्हतं. मावशीने सांगितलं. तेव्हा मात्र भाऊ उभे राहिले, भिंतीला हात टेकला आणि परत बसले. कुंपणाचं ऐकताना न आलेलं पाणी आता त्यांच्या डोळ्यांत आलं.

संध्याकाळी लेक घरी आल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं. "उद्यापासून दुकान तुझं. मी आलो तर खुर्चीत बसेन, गिऱ्हाइकांशी गप्पा मारेन. कपाटाला हात लावला तर सगळ्यांसमोर ओरड माझ्यावर. मी चिडेन. तरी ओरड." लेकीने आईकडे पाहिलं, आईने लेकीकडे, आणि इतके दिवस एकमेकींपासून काय लपवत होतो हे कळून दोघी एकदमच रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी मास्तरांकडे गेली. तिथे तिला फार बोलावं लागलं नाही. मास्तर म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांकडे यायला-जायला गाडी लागली तर सांगा. शिकाऊ पोरांना नाही पाठवणार, मी स्वतः येईन." माळ्याकडचं काम जड होतं. त्याने माफी ऐकून घेतली आणि म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा." मग धाकटी त्या रस्त्यावरच्या एकेका घरात गेली, आपण खोटं बोललो असं स्वतःच्या तोंडाने सांगून आली. दोन घरांनी त्याला परत बोलावलं. एका घराने दुसरा माणूस ठेवला होता, ते काम गेलं ते गेलंच.

डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. रक्तात एका जीवनसत्त्वाची कमतरता निघाली, तिच्यावर इंजेक्शनं सुरू झाली आणि भाऊ थोडे तरतरीत झाले. पण सगळं तेवढ्यावर भागणार नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही.

कुंपणाचं मावशीने बघितलं. मेलेली झाडं मुळासकट काढली. अर्धवट जळालेली गुडघ्यापर्यंत छाटली. वरची, खताच्या क्षारांनी खारट झालेली माती खरवडून टाकली, आणि उरलेल्या मातीतून मीठ खाली जाईपर्यंत माळ्याने पाइप सोडून ठेवला. काही दिवसांनी जुन्या खोडांवर मोहरीएवढे हिरवे डोळे फुटले.

रिकाम्या जागेसाठी रोपं आणायला नवरा-बायको मास्तरांच्या गाडीतून रोपवाटिकेत गेले. मास्तरांचं म्हणणं होतं, फाटकाजवळ तरी काहीतरी बुटकं लावा. धाकटीला रंगीत पानांचं झुडूप आवडलं. भाऊंनी त्याचं पान उलटून पाहिलं आणि मान हलवली. "हे एकसारखं राहत नाही. एक फांदी इकडे, एक तिकडे. कामिनीच घेऊ. फाटकाजवळ गुडघ्याएवढीच ठेवू. तिला सोसतं."

"तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही."

"सुचतं. पटत नाही."

त्यांनी रोपं निवडायला बराच वेळ लावला. उंच आणि सडपातळ बाजूला सारली, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेली घेतली, पिशवीच्या भोकांतून मुळं किती बाहेर आलीत ते वाकून बघितलं. यातलं काहीच ते विसरले नव्हते. सगळी रोपं गाडीत चढल्यावर ते धाकटीच्या शेजारी बसले आणि जरा वेळाने म्हणाले, "खत कधी घालायचं, ते आता तूच सांगायचं."

"सांगेन."

"आणि तू विसरलीस तर?"

धाकटीने रोपाची एक कलंडलेली पिशवी पायाने सरळ केली.

"तर झाडं वाचतील," ती म्हणाली.

पुढे मास्तर इतके मोठ्याने हसले की हॉर्नवर हात पडला. भाऊंना विनोद कळायला एक क्षण लागला, आणि मग तेही हसले.